डिकी दाखवा

माझं नाव विचारायच्या आधी माझ्या गाडीची डिकी उघडायला लावणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधला आमचा तो पहिला नोव्हेंबर. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मी एका हाताने किराणा उतरवत होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर नवऱ्याला, म्हणजे मिलिंदला, झापत होते. मागे कुणीतरी खाकरलं. वळून बघते तर साठीकडे झुकलेला, उंच, काटक माणूस. डोक्याला माकडटोपी, गुडघ्यापर्यंत कोट, हातात जंपर केबल. त्यांनी आधी आमच्या मागच्या काचेवरचं अशोकचक्राचं स्टिकर बघितलं, मग मला.

"जय भीम. मी मेश्राम. इथल्या एका पोराची बॅटरी बसली म्हणून आलो होतो. डिकी दाखवा."

मी पिंपरीची. कुणी हुकूम सोडला की आधी उलट उत्तर येतं, मग विचार. पण त्या दिवशी का कोण जाणे, मुकाट्याने डिकी उघडली. आत दोन नारळ, बॅडमिंटनच्या रॅकेट आणि रिकाम्या पिशव्यांनी भरलेली एक पिशवी. मेश्राम काका बराच वेळ आत बघत राहिले.

"बर्फात रस्त्यावर गाडी बंद पडली तर काय कराल जी?"

"नारळ फोडून खाऊ," मी म्हटलं.

"कशाने फोडाल?"

 त्यांनी डिकी लावली, झाकणावर तळहात एकदाच मारला आणि डाव्या पायावर किंचित लंगडत निघून गेले. एकदा हात मारला म्हणजे नापास आणि दोनदा मारला म्हणजे पास, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटलं, काय विक्षिप्त माणूस आहे.

पुढच्या रविवारी ते एक निळी प्लास्टिकची पेटी घेऊन दारात हजर. झाकणावर मार्करने 'प्रज्ञा' असं नाव लिहून त्यावर काट मारलेली. त्यांनी ती पेटी आमच्या दिवाणखान्यात, गालिच्यावर मांडी घालून, एकेक वस्तू बाहेर काढत समजावली. लोकरीचं ब्लँकेट. जाड मोजे. टॉर्च, आणि तिचे सेल वेगळे, एका जुन्या मोज्यात बांधलेले, कारण आत घालून ठेवले तर ऐन वेळी मेलेले निघतात. कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती आणि काडेपेटी. त्याच डब्यात बर्फ वितळवून पाणी करायचं. शिट्टी. स्टीलच्या डब्यात चिक्की. मांजरांच्या शी-शूसाठी मिळते ती वाळू, पाच किलो.

"आमच्याकडे मांजर नाही काका," मिलिंद म्हणाला.

"चाकाखाली टाकायला आहे. घसरणारं चाक पकड घेते." मग पेटीतून एक लाल कापडाची पट्टी काढून ती त्यांनी नीट घडी करून माझ्या हातात दिली. "ही अँटेनाला बांधायची. पांढऱ्यात लाल लांबून दिसते."

पट्टीला जरीचा काठ होता. ती त्यांच्या बायकोची, शीला काकूंची साडी होती हे मला नंतर समजलं. काकूंची एकही लाल साडी चार वर्षांच्या वर टिकली नाही. सगळ्या फाडून शिकागोच्या आसपासच्या मराठी माणसांच्या डिक्यांमध्ये गेल्या. "माझं कपाट एवढं गावभर फिरतंय," काकू म्हणायच्या, "मी मात्र घरातच."

फावडं तेवढं पेटीत नव्हतं. ते पुढच्या सीटमागे ठेवायचं, कारण डिकी गोठून बसली तर फावडं आत आणि आपण बाहेर. काकांचे नियम असे असायचे, साधे, आणि ऐकल्यावर वाटायचं की हे आपल्याला कसं सुचलं नाही. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. अडकलात तर इंजिन तासातून दहाच मिनिटं चालवायचं, आणि त्याआधी मागे जाऊन धुराची नळी हाताने चाचपायची; ती बर्फाने बुजली असेल तर धूर आत येतो आणि माणूस झोपेतच जातो. काच बोटभर उघडी ठेवायची. आणि शेवटचा नियम सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

"काहीही झालं तरी गाडी सोडायची नाही. उजेड दिसला तरी नाही. बर्फात उजेड खोटं बोलते."

हे सगळं सांगून झालं, मी चहा आणला, तर ते उभे राहिले. चहा उभ्यानेच प्यायला. काम संपलं की कुणाच्या घरात बसायचं नाही, आणि कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. नागपूरहून इकडे आलेला इंजिनियर, तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात काढलेली, आणि अजून दर वेळी हातात पाना किंवा स्क्रूड्रायव्हर असल्याशिवाय बेल वाजवायचे नाहीत. नुसतं "कसे आहात" विचारायला आलेले मेश्राम काका कुणीच बघितले नाहीत. आमच्या घरचा एक नळ मी दोन वर्षं मुद्दाम दुरुस्त केला नाही, तो ह्यासाठी.

ऑक्टोबरातल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही सगळे एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो. त्रिसरण, पंचशील, एखादं भाषण, जेवण, खीर. इतर ठिकाणी खिरीनंतर लोक घरी जातात. आमच्याकडे खिरीनंतर सगळे पार्किंगमध्ये जायचे आणि आपापल्या डिक्या उघडून उभे राहायचे. डॉक्टर, प्रोफेसर, नुकती आलेली विद्यार्थिनी, बँकेतला मोठा साहेब, सगळे शाळेतल्या पोरांनी नखं दाखवावीत तसे. काका रांगेने जायचे.  सेल दाबून बघायचे, ब्लँकेट हुंगायचे, आणि झाकणावर एकदा नाहीतर दोनदा हात मारायचे. दोनदा वाजलं की अख्खं पार्किंग टाळ्या वाजवायचं.

माझ्या डिकीवर दोनदा हात कधी पडला नाही. पहिल्या वर्षी तर पडणं शक्यच नव्हतं. त्याची हकिकत आमच्या घराची अब्रू घालवणारी आहे, पण सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. जानेवारीत त्यांना घेऊन आम्ही मिलिंदच्या मित्राकडे गेलो आणि परत येताना हायवेवर बर्फ सुरू झालं. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. गाड्यांची रांग थांबली ती थांबलीच. दुपारचे दोन वाजले होते. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली. अर्ध्या तासाने मिलिंद म्हणाला, "डोन्ट वरी आई, आपल्याकडे काकांची पेटी आहे." आणि मोठ्या ऐटीत उतरून त्याने ती आणली.

पेटीत वाळू होती, लाल पट्टी होती, आणि शिट्टी.

"चिक्की कुठाय?" मिलिंदने विचारलं. चिक्की मी ख्रिसमसच्या आधीच संपवली होती, ऑफिसला जाता-येता, रोज एक. मी तसं कबूल केलं. "टॉर्च?" टॉर्च त्यानेच तळघरात नेली होती. मेणबत्ती-काडेपेटीचा डबा आमच्या बुद्धमूर्तीसमोरच्या उदबत्तीसाठी वर गेला होता. मग आम्ही दोघांनी मागे वळून सासूबाईंकडे बघितलं.

"बघता काय? ते ब्लँकेट असं नुसतं पडून कुबट झालं असतं, म्हणून मी धुऊन पलंगावर घातलं," त्या म्हणाल्या. "आणि स्टीलचा डबा असा गाडीत ठेवतात का कुणी? त्यात लाडू भरून शेजारच्या बाईला दिला. ती अजून डबा परत करेना."

साडेतीन तास आम्ही तिघं एका शालीत बसलो. इंजिन दहा मिनिटं लावायचं, बंद करायचं. सासूबाईंचे ओठ निळसर झाले तेव्हा माझी पाचावर धारण बसली. शेवटी शेजारच्या गाडीतल्या एका गोऱ्या बाईने काचेवर टकटक करून ब्लँकेट दिलं. तिच्या डिकीत ते होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

काकांना सांगायला गेले तेव्हा वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी फक्त विचारलं, "चिक्की चांगली होती का?"

"फारच," मी म्हटलं.

"माझी चूक झाली मग. चव असली की टिकत नाही."

त्या हिवाळ्यात त्यांनी स्वतः ओव्हनमध्ये भाजून एक बिस्किट तयार केलं. गव्हाचं जाडंभरडं पीठ, जवस, तेल. मीठ नाही, साखर नाही. मी एक तुकडा खाल्ला. तोंडात ओला पुठ्ठा फिरावा तसा फिरत राहिला. मेश्राम काका समाधानाने बघत होते. "हे ज्याला खावंसं वाटेल, तो खरोखरच अडकलेला आहे," म्हणाले. ह्या बिस्किटांना सगळे मेश्राम बिस्किट म्हणायचे. माझ्या डिकीतली पाकिटं आजवर कुणी फोडलेली नाहीत, सासूबाईंनीसुद्धा.

आता प्रज्ञाबद्दल सांगायला हवं, कारण काकांच्या सगळ्या पेट्या मुळात तिच्यासाठी बांधलेल्या असायच्या. प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली, मिनेसोटात अगदी उत्तरेला गुराढोरांची डॉक्टर. हिवाळ्यात गाय अडली की पहाटे उठून शेतावर जायचं, हे तिचं काम. दर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काका नवी पेटी बांधायचे, झाकणावर तिचं नाव घालायचे, आठ तास गाडी चालवत तिच्याकडे जायचे. दोन दिवस राहायचे. आणि पेटी घेऊन परत यायचे, कारण ती ती घ्यायची नाही. मग नावावर काट मारून ती पेटी आमच्यासारख्या कुणा नव्याला मिळायची. हे अकरा वर्षं चाललं.

एकदा ती थँक्सगिव्हिंगला घरी आलेली असताना मी गॅरेजमध्ये हजर होते. काकांनी पुन्हा पेटी पुढे केली.

"बाबा, प्लीज. आय हॅव अ फोन," प्रज्ञा म्हणाली.

"थंडीत फोनची बॅटरी बसते बेटा."

"आय नो. आय हॅव फोर व्हील ड्राइव्ह."

"चारही चाकं अडकतात."

ती हसली, त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "नॉट धिस इयर, बाबा." काकांनी पेटी उचलून फळीवर ठेवली. त्यांचा चेहरा मला बघवेना. मनात आलं, किती हट्टी मुलगी आहे; एक पेटी ठेवली डिकीत तर काय बिघडतं हिचं? मी तसं स्वयंपाकघरात शीला काकूंना म्हणालेही. काकूंनी गॅस बारीक केला.

"ह्यांचा पाय बघितलास का कधी? दोन बोटं नाहीत डाव्या पायाला. सगळ्यांना सांगतात, कारखान्यात गेली."

मग त्यांनी सांगितलं. प्रज्ञा पाच महिन्यांची होती. ते तिघं एका ओळखीच्यांकडून परत येत होते, जुनी गाडी, दोन्ही बाजूंना मक्याची रिकामी शेतं, बर्फ. गाडी घसरून चरात गेली. तास झाला, कुणी येईना. काकांना लांब एक उजेड दिसला. पाचशे पावलांवर घर आहे, म्हणाले, मदत घेऊन येतो. काकूंनी नको म्हटलं, तरी गेले. पोरीला स्वेटरच्या आत छातीशी धरून काकू गाडीत बसून राहिल्या. पिशवीत कार्यक्रमाला नेसलेली लाल साडी होती, ती अँटेनाला बांधली. बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला ती दिसली म्हणून त्या दोघी सापडल्या. काका त्यानंतर सापडले, दोन शेतं पलीकडे, तारेचं कुंपण धरून उभे. उजेड वगैरे तिथे काही नव्हतं.

"बायको-पोरीला सोडून गेलो, हे त्यांच्या मनातून जात नाही," काकू म्हणाल्या. "मी कधी एका शब्दाने बोलले नाही गं. पण प्रज्ञाला ते सांगू शकलेले नाहीत. पेटी घेऊन जातात. तिने ती घ्यावी एवढंच त्यांना पाहिजे असतं."

"मग तुम्ही सांगा ना तिला."

"मी कशी सांगू? ते त्यांचं आहे. त्यांनीच सांगायचं."

त्यानंतर दर नोव्हेंबरात काका उत्तरेकडून परत आले की मी आधी त्यांच्या हाताकडे बघायची. हातात पेटी असायचीच.

दोन वर्षांपूर्वी काकांना काचबिंदू झाल्याचं कळलं, तेही उशिरा. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःहून लायसन्स परत केलं. कुणी सांगायच्या आधी. "ज्याला लाल पट्टी दिसत नाही, त्याने गाडी चालवू नाही," एवढंच म्हणाले. त्या नोव्हेंबरात पहिल्यांदा ते प्रज्ञाकडे गेले नाहीत. मिलिंद नेतो म्हणाला, तर नको म्हणाले. दुसऱ्याच्या गाडीतून पेटी पोचवायची म्हणजे पोस्टमन झालो. बांधून ठेवलेली ती पेटी वर्षभर त्यांच्या दाराशी पडून होती. मी चपला काढताना दर वेळी तिला अडखळायची.

ह्या ऑक्टोबरात त्यांनी शेवटच्या डिक्या तपासल्या. दिसत नव्हतंच, तेव्हा सगळं हातांनी. माझ्या डिकीत हात घालून ते प्रत्येक वस्तू मोजत गेले. सेल, मोजे, डबा. मग म्हणाले, "मेणबत्ती कुठं आहे ताई?" मेणबत्ती आठ दिवसांपूर्वी वीज गेली तेव्हा मी घरात नेली होती. एकदाच हात वाजला. लोक हसले, मीही हसले, आणि आत कुठेतरी वाटलं की पुढच्या वर्षी हे नापास करायला असणार नाहीत.

कारण ठरलं होतं. प्रज्ञा दोघांना आपल्याकडे नेणार होती. नोव्हेंबरच्या मध्यावर ती आली. आदल्या दिवशी इंचभर बर्फ पडलेलं. मिलिंद आणि मी सामान उचलायला गेलो होतो. सकाळचं लख्ख ऊन होतं. शेवटची बॅग बाहेर आली, काकू गाडीत बसल्या, आणि काका मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"प्रज्ञा, डिकी दाखव."

मी मिलिंदकडे बघितलं. अकरा वर्षांत त्यांनी तिला पेटी दिली होती, पण हे कधी म्हटलं नव्हतं. प्रज्ञाने डिकी उघडली. काकांनी हातमोजे काढून खिशात ठेवले आणि हात आत घातले. वाळूची पिशवी. मोठं ब्लँकेट, मग दुसरं. कपाळाला बांधायची टॉर्च, आणि शेजारी मोज्यात गाठ मारलेले सेल. पत्र्याचा डबा, त्यांनी झाकण काढून मेणबत्ती चाचपली. "फावडं?" त्यांनी विचारलं. "सीटच्या मागे," ती म्हणाली. मग त्यांच्या हाताला एक कापडाची घडी लागली. जरीच्या काठावरून त्यांचा अंगठा फिरला आणि थांबला.

"हे तुला कुणी दिलं?"

"आईकडून घेतलं. लाँग टाइम अगो."

काका तसेच वाकलेले राहिले. डिकीच्या आत बघत, म्हणजे काहीच न बघत, म्हणाले, "बेटा, मी एकदा तुला आणि आईला गाडीत सोडून गेलो होतो. तू पाच महिन्यांची होती."

"आय नो, बाबा."

"कोणं सांगितलं?"

"कुणी नाही. वासरांचे कान, शेपट्या, थंडीने अशीच जातात. तुमचा पाय बघून कळलं की हे कारखान्यातलं नाही. मग आईला विचारलं. शी क्राइड अ लॉट."

"कधी?"

"व्हेट स्कूलमध्ये होते तेव्हा."

काका सरळ झाले. इतक्या वर्षांचं ओझं जिथे टेकवायचं म्हणून आणलं, तिथे कुणीतरी आधीच जागा करून ठेवलेली, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. जरा चिडून म्हणाले, "मग सगळं माहीत असून, सगळं सामान असून, माझी पेटी का नाही घेतली एवढे वर्षं?"

प्रज्ञाने ब्लँकेटची घडी उगाच सारखी केली.

"घेतली असती," ती म्हणाली, "तर पुढच्या वर्षी तुम्ही आला असता का?"

काकांनी खिशातून हातमोजे काढले आणि परत आत ठेवले. मला त्यांचं 'कशाने फोडाल?' आठवलं. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला मी काही केलं नाही. गाडीच्या आतून काकू बोलल्या, "मी तरी किती वर्षं गप्प बसायचं म्हणते मी, दोघंही सारखीच." आणि पदराने, म्हणजे स्कार्फने, नाक पुसलं.

"गेल्या वर्षीची पेटी कुठाय?" प्रज्ञाने विचारलं.

मिलिंद आत जाऊन दारातली पेटी घेऊन आला. झाकणावरचं नाव काकांनी न दिसता लिहिलेलं होतं. 'प्रज्ञा'तला ज्ञ खाली घसरत कडेपर्यंत गेलेला.

"आता द्या," ती म्हणाली. "आता तुम्ही घरीच येताय."

डिकीत जागा नव्हती. पेटी मागच्या सीटवर काकूंच्या शेजारी बसली. काकांनी डिकी लावली. झाकणावर एक हात मारला, थांबले, आणि दुसरा मारला. टाळ्या वाजवायला आम्ही दोघंच होतो, आणि आम्हाला त्या सुचल्या नाहीत.

आम्हाला वाटलं, आता बसतील. पण ते गाडीला हात लावत लावत, तो लंगडा पाय जपत, मागच्या कोपऱ्याशी गेले, खाली वाकले आणि धुराच्या नळीत उघडं बोट फिरवलं. इंचभर तर बर्फ होतं. प्रज्ञा स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून आरशात त्यांच्याकडे बघत होती. ते उठून, कोट झटकून, येऊन शेजारी बसेपर्यंत तिने गाडी सुरू केली नाही.

गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर आम्ही निघालो. पेट्रोल पंप आला तेव्हा मिलिंद म्हणाला, "टाकी अर्ध्याच्या वर आहे."

"तरी भर," मी म्हटलं. "आणि मला आत जाऊन मेणबत्ती घ्यायचीय."